नकार माझ्याकडनं

"ही साडी मी कुठंतरी बघितलीय…"

माझ्या कानाशी कुणीतरी म्हणालं. मी मान वर न करताच उत्तर दिलं, "साडी होती. आता चिंधी आहे."

सुई ओढली, टाका घट्ट केला आणि मग बघितलं. बघितलं तसा डोक्यात नुसता जाळ झाला! पांढरा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, उन्हानं रापलेले हात, उजव्या मनगटावर घड्याळ… सृष्टी. शिवतेजची बहीण. रविवारी माझी सुपारी फुटली की माझी नणंद होणारी बाई.

पुण्यातला कलामहोत्सव होता तो. गे, लेस्बियन, ट्रान्स… आमच्यासारख्या सगळ्यांचा. फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सर्व कार्यक्रम मोफत. सर्वांचे स्वागत.' खाली फोटोंचं प्रदर्शन, सभागृहात लघुपट, गच्चीवर कविता, आणि व्हरांड्यात ही गोधडी. ज्या कपड्याशी आपलं भांडण आहे त्याचा तुकडा घरून आणायचा आणि सगळ्यांनी मिळून शिवायचं. माझं भांडण या कांद्याच्या सालीच्या रंगाच्या, पोपटी काठाच्या साडीशी होतं. मला बघायला पाहुणे आले तेव्हा आईनं हौसेनं घेतलेली. नोकरीसाठी राहते त्या साताऱ्याच्या खोलीवर मी तिचा पदर कात्रीनं सरळ कापला. लॅबचं ट्रेनिंग आहे असं घरी सांगितलं आणि एसटीत बसले. खंबाटकीचा घाट मागं पडला तसं वाटलं, आज तरी गावाकडचं कुणी दिसणार नाही. सर्वांचे स्वागत म्हणजे इतक्या सर्वांचं, हे मला काय माहीत!

"संयोगिता?" तिचा आवाज बारीक झाला होता. "तुम्ही… इथं?"

"का? इथं यायलासुद्धा तुमच्या घरची पसंती लागते?"

बाजूला शिवत बसलेले एक पांढऱ्या केसांचे काका दचकले. मला त्यांची फिकीर नव्हती. गेला महिनाभर मी ही बाई मनातल्या मनात शंभरदा फाडून खाल्ली होती.

वडूजजवळचं आमचं गाव, पाण्याला टँकरची वाट बघणारं. त्यांचं कृष्णाकाठचं, सांगली जिल्ह्यातलं, बांधापर्यंत ऊस. मुलगा सैन्यात, सध्या मोठ्या रजेवर. कृष्णातमामानं स्थळ आणलं तेव्हा आमच्या घराला आभाळ ठेंगणं झालं होतं. शिवतेज खाली मान घालून पोहे खात होता. त्यांचे वडील, नानासो, पावसापाण्याचं बोलत होते. आणि ही… ही माझी उलटतपासणी घेत होती. साडी तुमची का मागून आणलेली? पगार हातात किती पडतो? रक्त काढायचं काम म्हणजे हाताला वास येत असेल ना? आणि शेवटी, सगळ्यांसमोर, माझ्या पायांकडं बघत, "उंची खरी का टाचेची?"

सगळे हसले होते. मीसुद्धा. त्या हसण्याचा राग मला अजून आहे.

आणि त्याहून मोठा राग दुसऱ्याच गोष्टीचा. पाहुणे गेल्यावर आईनं विचारलं, मुलगा कसा वाटला? मला मुलाचा चेहराच आठवेना. आठवत होतं ते उजव्या मनगटावरचं घड्याळ. इतकं लागट बोलणाऱ्या बाईचे डोळे इतके मऊ कसे, हा प्रश्न घेऊन मी रात्र रात्र तळमळले. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटत होती.

"बसू का?" सृष्टीनं विचारलं.

"मोफत आहे. बसा."

ती बसली. पिशवीतून एक खाकी तुकडा काढला. सुईत दोरा ओवायला तिला इतका वेळ लागला की माझाच जीव वरखाली व्हायला लागला. पहिल्याच टाक्याला सुई बोटात गेली. रक्ताचा थेंब टपकन बाहेर आला.

"आई गं…"

माझा हात मला न विचारता पुढं गेला. सवय, दुसरं काय! तिचं बोट धरलं, कापडानं दाबलं, आणि तोंडातून रोजचंच वाक्य निघालं, "हात सैल सोडा. खोल श्वास घ्या. झालं, झालं."

ती माझ्याकडं बघत होती. "वास नाही येत," हळूच म्हणाली.

"कसला?"

"तुमच्या हाताला. मी उगीच म्हणालेले."

मी बोट सोडून दिलं. सोडायला जरा उशीरच झाला, हे तिलाही कळलं आणि मलाही… कान तापले माझे. मग आणखी राग आला.

"उगीच? एवढ्या माणसांत माझी शोभा केली, ती उगीच?" आतापर्यंत सांभाळलेली पुण्याची भाषा माझ्या तोंडातून गळून पडली. "काय वाटलं गं तुला? बाजारातली शेरडी हाय मी, दात बगाय?"

"आगं हळू…"

"न्हाई हळू!"

"लग्न मोडावं म्हणून केलं मी!" तीही उसळली. "तुज्या पर्सच्या चेनला सात रंगांचा दोरा व्हता. खुंटीला अडकवलेली पर्स. तसलाच माज्या कपाटाच्या किल्लीला हाय." तिनं खिशातून किल्ली काढून समोर धरली. खरंच होता. "बघितलं आन् वळखलं. म्हटलं, ही पोरगी आमच्या घरात येऊन मरंल. म्हणून वाकडं बोलले. वाटलं, तू उलटून बोलशील आन् नाना म्हणतील, पोरगी नगं. तर ते म्हणाले, पोरगी किती शांत हाय, एवढं ऐकून घेतलं! लगेच पसंती कळवली."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"म्हंजे मला वाचवाय तू मला नाकारणार व्हतीस," मी म्हणाले. "नाकारलेल्या पोरीला आमच्याकडं काय म्हणत्यात ठाऊक हाय? आन् आत येऊन एकदा इचारायला काय झालं व्हतं? 'संयोगिता, तुला करायचंय का लग्न?' एवढंच?"

तिनं किल्ली मुठीत घट्ट धरली.

"भ्याले," ती म्हणाली. "तू हो म्हणालीस तर… म्हणून भ्याले."

व्हरांड्यात हिवाळ्याचं कोवळं ऊन आलं होतं. गच्चीवर कुणीतरी कविता वाचत होतं, टाळ्या पडत होत्या. मी टाका घालत राहिले. माझ्या कांदा रंगाच्या शेजारी तिचा खाकी तुकडा कधी आला ते कळलं नाही. तिचे टाके कोंबडीनं उकरल्यासारखे.

"हे कशाचं?" मी विचारलं. आवाज अजून कडकच होता.

"नर्सरीतल्या कामाची पँट. उसाची रोपं करते मी. आई म्हणते, ही पँट घालायची बंद कर, मग तुला बघाय येतील."

"आन् भांडण पँटीशी?"

"आईशी. पण आई कशी कापून आणू?"

आता मात्र मी हसले. तीही हसली. मग दोघी चहाला उठलो. चहासुद्धा मोफत. कागदी कप हातात घेऊन आम्ही मागच्या पायऱ्यांवर बसलो. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला, ना तिनं काढला ना मी. ती रोपांचं सांगत होती, मी शिरा न सापडणाऱ्या म्हाताऱ्यांचं सांगत होते. तेवढा वेळ आम्ही अगदी चारचौघींसारख्या होतो. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, जुन्या मैत्रिणी आहेत.

"एक सांगू?" ती कपाकडं बघत म्हणाली. "चिडू नगस."

"आदी सांग."

"कर की लग्न." ती गालात हसत होती, पण डोळे हसत नव्हते. "दादा रजेवर येईल तेवढाच घरात. बाकी वर्षभर तू आन् मीच. एका घरात. वहिनी-नणंद म्हणून कुणाला संशयबी यायचा न्हाई. लोकंच म्हणतील, काय गूळपीठ हाय दोघींचं…"

क्षणभर, खोटं कशाला बोलू, क्षणभर मला ते घर दिसलं. रोपांच्या रांगा, दुपारची शांतता, आणि हे हात. आणि मग मला शिवतेज दिसला. पोहे खाणारा, खाली मान घातलेला. महिना महिना सीमेवरनं त्या घराकडं डोळे लावून बसणारा.

मी कप खाली आपटला. चहा तिच्या पँटवर उडाला.

"तुज्या भावाच्या नावाचं मंगळसूत्र घालून तुज्याशी गुलूगुलू बोलू व्हय? त्यो सीमेवर, आन् आमी दोघी त्याच्या डोळ्यांत धूळ टाकत बसायचं? त्याचं काय चुकलंय गं? आन् रजेवर आला की? तवा मी कुठं जायचं, सांग की! तवा तू कुठल्या खोलीत झोपणार?"

ती पांढरीफटक पडली.

"पुन्हा तेच केलंस," मी म्हणाले. "पुन्हा माज्या वाटचं तूच ठरवलंस. आवडतीस गं मला तू! त्या दिवसापास्नं आवडतीस. म्हणून तर एवढा राग आलाय. पण चोरून न्हाई. नंबर दे."

"कुणाचा?"

"दादाचा."

तिनं मोबाईल काढला. नंबर माझ्यासमोर धरला. मी तो माझ्या मोबाईलवरनं लावला, फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"बोला," शिवतेजचा आवाज आला. भारदस्त, जरा बिचकलेला.

"संयोगिता बोलतीय. मला हे लग्न करायचं न्हाई."

"का वो? सृष्टी लय बोलली म्हणून? तिचं मनावर घेऊ नका, तिला…"

"न्हाई. तुमच्यात काय खोट न्हाई. मला बाईमाणूस आवडतं. कुठल्याच पुरुषाशी मला संसार करता यायचा न्हाई. सुपारी फुटायच्या आदी तुमाला सांगावं वाटलं."

पलीकडं ट्रॅक्टरचा आवाज येत होता. तो थांबला.

"कुणी हाय का… तसं?" त्यानं विचारलं.

मी सृष्टीकडं बघितलं. नाव घेणार नव्हते. ते माझ्या हातातलं नव्हतं, आणि दुसऱ्याच्या वाटचं ठरवण्याचा मला तर त्या दिवशी तिटकाराच आला होता. ती ओठ चावत पायरीकडं बघत बसली. मला वाटलं, संपलं. मी फोन उचलायला गेले, तेवढ्यात तिनं माझा हात बाजूला केला.

"दादा, मी हाय. सृष्टी."

"तू? तू पुण्याला रोपांचं औषध आणाय गेलीवतीस न्हवं?"

"औषध घेतलंय." तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. "दादा, मीबी तशीच हाय. लहानपणापास्नं. तुला सांगायचं व्हतं… तू दर वेळी रजा संपवून गेलास."

मग त्यानं घसा खाकरला.

"मला ह्यातलं काय कळत न्हाई. राग आलाय मला, खरं सांगतो. मला येडा केलासा दोघींनी. सृष्टे, घरात आत्ता बोलू नगस. मी सांगतो, मलाच पोरगी पसंत न्हाई. नकार आमच्याकडनं गेला की विषय मिटला."

मी फोन तोंडाजवळ ओढला. "नगं. नकार माज्याकडनं जाणार. मी काय नासकं फळ न्हाई, तुमी परत पाठवाय."

"आवं, पण तुमचे मामा…"

"मामाचं मी बगते."

"बरं," तो म्हणाला. मग जरा हलक्या आवाजात, "सृष्टे, सांजच्याला फाट्यावर न्यायला येतो. एकटी चालत येऊ नगस."

फोन बंद झाला. सृष्टीनं तोंड ओंजळीत झाकलं आणि हुंदके देत रडली. मी तिला रडू दिलं. मला अजून एक काम होतं.

"मामा, संयोगिता बोलतीय. मला मुलगा पसंत न्हाई."

कृष्णातमामा सुपारीच्या तयारीला आमच्याच घरी आला होता; त्याला आधी ऐकूच आलं नाही. मग आलं. "पोराकडनं पसंती आलीया! तू कोण गं न्हाई म्हणणारी?"

"मी नवरी व्हते न्हवं?"

पुढं त्यानं जे सुनावलं ते सगळं ऐकलं. आईचा रडण्याचा आवाज आला, तोही ऐकला. साडीचं मी अजून सांगितलंच नव्हतं! घरी जाऊन ते सगळं माझ्या अंगावर येणार होतं. फोन ठेवला तेव्हा छातीवरचा धोंडा उतरला होता.

सृष्टीनं बाहीनं डोळे पुसले. "आता माज्यावरचा राग गेला का?"

"न्हाई."

"कवा जाईल?"

"एक प्रश्न व्हता तुजा," मी म्हणाले. "आमच्या सोप्यात, सगळ्यांसमोर इचारलेला. त्याचं उत्तर राहिलंय."

मी तिला हाताला धरून उभं केलं आणि चपला काढल्या. थंडगार फरशीवर अनवाणी तिच्यासमोर उभी राहिले, इतकी जवळ की तिचा श्वास माझ्या कपाळाला लागत होता.

"बघ," मी म्हणाले, "खरी का टाचेची?"