भिंतीच्या बसची रांग

हेक्सहॅम स्टेशनाबाहेरच्या बसथांब्यावर हेस्टर बूथरॉइड पस्तीस मिनिटं उभी होती, आणि तिच्या मागे तो वीस मिनिटं. रांगेत दोघंच, तरी रांग ती रांग! तो तिच्यापासून बरोबर दोन हात अंतर राखून उभा होता. मार्चमधली भुरभुर चालू होती. समोर चिखलानं माखलेली एक हिरवी व्हॅन तेवढी उभी होती, बाकी रस्ता रिकामा. हेस्टरनं घड्याळ पाहिलं, त्यानंही पाहिलं. तिनं वळणाकडे मान उंचावली, त्यानंही उंचावली. नजरानजर झाली... आणि दोघांनी एकदमच आभाळाकडे पाहिलं. अनोळखी माणसाला काही विचारणं म्हणजे न सांगता त्याच्या घरात शिरणं, असंच दोघांना लहानपणापासून शिकवलेलं.

शेवटी तिलाच राहवेना.

“पाऊस काही थांबत नाही,” ती म्हणाली. खरं तर तिला विचारायचं होतं, बस मेली कुठे?

“नाही ना. पण कालच्यापेक्षा बरा आहे.”

“बस... नेहमीच उशिरा येते का हो?”

“मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. तुम्ही इतक्या ठामपणे उभ्या होतात!”

“अहो, तुम्ही मागे येऊन उभे राहिलात म्हणून मी थांबले! एकटी असते तर केव्हाच गेले असते.”

थांब्यावरच्या काचेमागचा कागद तिनं तेव्हा कुठे वाचला. रोमन सैन्यानं सरहद्दीवर बांधलेल्या जुन्या भिंतीवरच्या किल्ल्यांना जाणारी बस यंदा शनिवारपासून सुरू होणार होती. आज बुधवार. तिच्या हातातली वेळापत्रकाची पुस्तिका होती गेल्या उन्हाळ्यातली.

“आणि मी चष्म्याच्या दुकानात काम करते!” तिनं कपाळावर हात मारून घेतला.

“मग तिथूनच एखादा घ्या की,” तो हसत म्हणाला.

“तुम्ही तरी कुठे वाचलंत?”

तो कानापर्यंत लाल झाला. “माझी गाडी... दुरुस्तीला आहे,” असं काहीतरी पुटपुटला आणि घाईघाईनं म्हणाला, “चहा घेऊ या का?”

चहा पिताना हेस्टरनं सगळं सांगून टाकलं. ती इथे मजा करायला आली नव्हती. लीड्समध्ये तिचं दर रविवारी पायी फिरणारं एक मंडळ होतं. तिच्यासकट तेवीस माणसं, ती सोडली तर सगळी सत्तरीच्या पुढची. सहल कुठे न्यायची हे गेली अकरा वर्षं मिस्टर क्रॅबट्री ठरवत, आणि अकरा वर्षं मंडळ स्कारबरोच्या किनाऱ्यावर त्याच बाकांवर बसून आइस्क्रीम खाऊन परत येई. यंदा हेस्टर सभेत उभी राहिली. रोमन लोकांची भिंत काही तासांवर आहे आणि आपण समुद्राकडे बघत बसतो, म्हणाली. बारा विरुद्ध अकरा मतांनी भिंत जिंकली! आता मुक्कामाचं गाव तिनं स्वतः पाहून शुक्रवारी पाच वाजता फोनवर कळवायचं होतं. गाव चुकलं तर पुढची वीस वर्षं स्कारबरो, आणि वर क्रॅबट्रींचं ‘मी म्हणालोच होतो!’ ते तिला या जन्मात ऐकायचं नव्हतं.

“हेक्सहॅम की हॉल्टव्हिसल, एवढंच उरलंय,” ती म्हणाली. “मीच निवडणार, आणि बरोबर निवडणार.”

“त्यात निवडायचं काय? हॉल्टव्हिसल! भिंत अगदी गावाच्या डोक्यावर. शिवाय ते ब्रिटनच्या बरोबर मध्यावर आहे. तशी पाटीच आहे गावात.”

“पाटी गावकऱ्यांनीच लावली असेल.”

“मग काय हेक्सहॅमवाले येऊन लावतील?”

त्याचं नाव एडविन थर्लवॉल. हॉल्टव्हिसलचाच. शेताच्या कडेनं नुसते दगड रचून गडगे घालायचे, हा त्याचा धंदा. त्याचे हात खरखरीत होते आणि कप मात्र तो फार नाजूकपणे धरत होता. हेस्टरला उगाचच तिकडे पुन्हा पुन्हा बघावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती चहावर सांगितल्याप्रमाणे आगगाडीनं भिंतीजवळच्या बार्डन मिलला उतरली, तर तो फलाटावर हजर. एकसारखा सरळ वर चढत गेलेला रस्ता, दोन्हीकडे मेंढरं, अंगावर येणारा वारा. चढावर कुठेतरी दोघांचं अहो-जाहो मागेच राहिलं. किल्ल्यावर पोचल्यावर त्यानं तिचा पंजा धरून एका दगडावर ठेवला.

“लागतंय बोटांना? छिन्नीचे घाव आहेत. कोण होता कुणास ठाऊक, पण हात चांगला होता त्याचा.”

घाव लागत होते. पण तिचं सगळं लक्ष त्याच्या हाताकडे होतं... आणि तो हात काही निघत नव्हता.

पुढे सैनिकांचे संडास लागले. लांबलचक, उघडे, ओळीनं.

“इथेही रांगच?” तिनं विचारलं.

“रांग नाही, शेजारी शेजारी. गप्पा मारत बसायचे म्हणे.”

“तरीच एवढं साम्राज्य उभं केलं! आपल्याकडे कुणी तोंडच उघडलं नसतं.”

तो इतका मोठ्यानं हसला की दोन मेंढ्या दचकून पळाल्या. हेस्टरला त्या क्षणी कळून चुकलं, की आपण या माणसाच्या प्रेमात पडतोय. आणि लगेच दुसरंही कळलं, की आता गाव निवडताना आपल्यावर भरवसा ठेवायची सोय राहिली नाही.

म्हणून शुक्रवारी ती वही घेऊन एकटीच हॉल्टव्हिसलला फिरली. गाव तिला आवडलं, आणि त्याचीच तिला धास्ती वाटली. तिनं दारोदार जाऊन खाटा मोजल्या. जूनच्या त्या आठवड्यात मिळून चौदा. भिंतीकडे जाणारा चढ ती मुद्दाम म्हाताऱ्या माणसाच्या चालीनं चढली. मंडळातल्या मिसेस व्हिटलमचे गुडघे अर्ध्यावरच रडले असते. आणि दिवसभर पाऊस लागला तर? हेक्सहॅमला निदान जुनं चर्च होतं. त्याच्या तळघराला रोमन दगडच लावलेले, म्हणजे छपराखाली बसूनही रोमन पाहता आले असते. पुढच्याच स्टेशनावर कॉर्ब्रिजचे रोमन अवशेष, तेही सपाटीवर. तिनं वही दोनदा वाचली. तिसऱ्यांदा, मनाला हवं ते उत्तर निघतंय का, म्हणून वाचली. निघालं नाही.

पाचला ती हॉल्टव्हिसलच्या फलाटावर होती. एडविन निरोप द्यायला आला होता. त्याच्यासमोरच तिनं फोन लावला.

“मिस्टर क्रॅबट्री? हेक्सहॅम. हो, नक्की. बावीस खाटा सांगून ठेवते.”

एडविननं खाली पाहिलं. बुटानं एक खडा बाजूला सारला.

“रागावलास?”

“छे. तुझं मंडळ, तुझी निवड.” मग तोच खडा आणखी लांब सारत, “...थोडासा.”

“एडविन, तू मला आवडतोस. खूप. पण त्यापायी मिसेस व्हिटलमचे गुडघे मी पणाला लावणार नाही.”

 त्यानं खिशात हात घालून किल्ल्या काढल्या. “चल, हेक्सहॅमला सोडतो. आणि... एक सांगायचंय. मला ओरड हवं तर.”

स्टेशनाबाहेर चिखलानं माखलेली हिरवी व्हॅन उभी होती. हेस्टर थबकली.

“ही तर परवा थांब्यासमोर होती!”

“हो.”

“दुरुस्तीला नव्हती?”

“तिला काय धाड भरलीय? मी गाडीत बसून तुला बघत होतो. बस नाही, एवढं सांगायलाच उतरलो होतो. जवळ आलो, आणि वाटलं... सांगितलं तर ही ‘आभारी आहे’ म्हणून निघून जाईल. म्हणून मागे उभा राहिलो.”

“वीस मिनिटं? पावसात?”

“अजून तासभर राहिलो असतो. तूच आधी बोललीस.”

तिनं त्याच्या दंडावर वही हाणली. मग तो दंड धरला, टाचा उंचावल्या आणि भर रस्त्यात त्याच्या ओठांवर ओठ टेकले. छत्री घेऊन चाललेल्या एक बाई तोंड वळवून हवामानाबद्दल स्वतःशीच काहीतरी बोलल्या.

“थांब,” एडविन जरा वेळानं म्हणाला. “बावीस खाटा म्हणालीस. तुम्ही तर तेवीस आहात ना?”

“मंडळ हेक्सहॅमला राहील. मला भिंतीजवळचं गाव हवंय. ब्रिटनच्या मध्यावर. पाटी आहे म्हणे तशी.”

त्याला हसू आवरेना. “पण जून फार लांब आहे गं.”

“लीड्सहून दर शनिवारी सकाळी गाडी आहे,” हेस्टर व्हॅनचं दार उघडत म्हणाली. “वेळापत्रक वाचलंय मी. यंदाचं.”