वाऱ्यामुळे बोट बंद

नौफेल आणि वसीला यांची पहिली भेट एका मेलेल्या ऑक्टोपसने जमवून आणली.

केरकेना बेटावर जानेवारीत कपडे काही वाळत नाहीत. पडवीतली दोरी रिकामी कशाला ठेवायची, म्हणून लोक तिच्यावर ऑक्टोपस टांगतात. भुरभुर पावसात शहरी बूट घातलेला एक तरुण बॅग ओढत पडवीत शिरला, आणि टांगलेल्यांपैकी एकाने त्याच्या गालावरून गार हात फिरवला.

"घाबरू नका," आतून वसीला म्हणाली. "तो सगळ्यांशीच सलगी करतो."

"आणि तुम्ही?"

"मी फक्त खोली दाखवते."

नौफेल ट्युनिसहून आला होता, यंदा समुद्राने बेटाचा किती घास घेतला ते मोजायला. कुठल्याशा कार्यालयाला दर हिवाळ्यात ही काळजी वाटते. उन्हाळ्यात त्याच किनाऱ्यावर पाहुणे झोपलेले असतात, त्यामुळे काळजी करायला जागा उरत नाही.

मोजायच्या फितीचं दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं होतं. वसीलाने धरलं. दोघं रोज सकाळी निघत. वर करडं आभाळ, खाली करडं पाणी, आणि मधे खाऱ्या पाण्याने मारलेली खजुराची झाडं – शेंडे गळालेली, पण सवयीने उभी असलेली.

"इथे गेल्या वर्षी काय होतं?"

"काकांचं शेत."

"आणि आता?"

"काका तिथेच मासे धरतात. त्यांची तक्रार नाही, रस्ता तोच आहे."

तो हसला. फीत गुंडाळता गुंडाळता दोघांची बोटं एकमेकांना लागली... आणि फीत पुन्हा सुटली. त्या दिवशी तो किनारा त्यांनी पुन्हा पुन्हा मोजला. दर वेळी आकडा वेगळा आला.

मोजणी संपली. रविवारी नौफेलचं समुद्रापलीकडच्या मार्सेयचं जहाज होतं. तिथे त्याला नोकरी मिळाली होती. किती वर्षं तो त्या नोकरीच्या मागे होता. जहाज चुकलं की नोकरी गेली.

"आज बोट आहे ना?" गुरुवारी त्याने विचारलं.

मुख्य भूमीवरच्या स्फाक्सला जाणारी फेरीबोट बेटाच्या त्या टोकाहून सुटते, आणि आमचं गाव या टोकाला. बोट दिसत नाही, विचारावी लागते. वसीलाने खिडकीबाहेर पाहिलं. दोरीवरचा एकही ऑक्टोपस हलत नव्हता.

"वाऱ्यामुळे बोट बंद आहे," ती म्हणाली.

दुपारपर्यंत गावभर झालं. आमचं गाव तसं खोटं बोलणारं नव्हे, पण मुलीला एकटीलाच खोटं बोलायला लावणं आम्हाला बरं वाटत नाही. किराणावाल्याने नौफेलला पाहताच डोक्यावरची टोपी दोन्ही हातांनी धरली. "काय हा वारा," तो म्हणाला. शेजारच्या म्हाताऱ्याने किनाऱ्यावरच्या होडीला उगाचच आणखी एक दोर बांधला.

शुक्रवारी जेवायला जवाचा कुसकुस होता. वसीलाचे वडील, तय्यब, शेगडीकडे बघत म्हणाले, "मार्सेयला आत्ता दिवे लागले असतील."

तरुणपणी त्यांचंही मार्सेय ठरलं होतं. धक्क्यावर खदूजा, वसीलाची आई, रडली, आणि ते थांबले. तेव्हापासून दर हिवाळ्यात ते हेच वाक्य म्हणतात, आणि खदूजाही तिचं ठरलेलं उत्तर देते. तसंच तिने आताही दिलं.

"मग जा की. बोट चालू आहे."

सगळ्यांचे चमचे थांबले. नौफेलने शांतपणे हरिसाची, लाल मिरचीच्या चटणीची, वाटी पुढे ओढली. "तिखट छान झालंय," तो म्हणाला.

वसीलाने वडिलांकडे पाहिलं. ते अजून शेगडीतच पाहत होते.

शनिवारी सकाळी ती ऑक्टोपस धरायची मडकी धूत बसली होती. तो शेजारी येऊन बसला.

"बोट चालू आहे," ती म्हणाली. "कधी बंदच नव्हती."

"माहीत आहे. बोट बंद, आणि जेवणानंतर ताजी संत्री, पानांसकट. बेटावर संत्र्याचं एकही झाड मला मोजताना लागलं नाही."

"मग... थांबलास कशाला?"

"ट्युनिसमध्ये माझ्यासाठी कुणी दारसुद्धा धरून ठेवत नाही. इथे अख्खं गाव टोपी धरून उभं होतं." त्याने एक मडकं तिच्याकडे सरकवलं. "आता खरं बोलून थांबव ना मला. एकदा म्हण – जाऊ नकोस."

वसीलाने मडकं पालथं घातलं.

"नाही म्हणणार. बाबांना पाहिलंस ना? आई वाईट नाही रे... फक्त रडली, तेही एकदाच. बाबा अजून त्या धक्क्यावरच आहेत. मला तू हवास, नौफेल. थांबवलेला नकोस."

"हे तू मनातलं सांगतेयस, की मला हाकलतेयस?"

"दोन्ही. आमच्याकडे एका खेपेत दोन्ही कामं उरकतात."

काकांच्या गाडीतून तिनेच त्याला धक्क्यावर नेलं. समुद्र तेल ओतल्यासारखा सपाट होता. बोटीवरच्या माणसाने नौफेलची बॅग घेतली, त्याला एकदा नीट न्याहाळलं आणि गंभीरपणे म्हणाला, "पडला वाटतं वारा?"

"पडला," वसीला म्हणाली.

नौफेल फळीवर चढला आणि मागे वळला. "मी येईन."

"गेलेले सगळेच येतात. जुलैत. गाडी घेऊन, चॉकलेटं घेऊन. ऑगस्ट संपला की–"

"जानेवारीत येईन."

जुलैच्या वचनांना द्यायची उत्तरं तिला लहानपणापासून पाठ होती. जानेवारीचं वचन या धक्क्यावर कुणी कधी दिलेलं नव्हतं. ते खोटं आहे म्हणावं, तर तसा अनुभव नव्हता.

फळी ओढून घेतली गेली. पाऊस पुन्हा भुरभुरू लागला. बोट करड्यात करडी होऊन दिसेनाशी झाली, तरी वसीला धक्क्यावर उभीच होती – उत्तर सुचेना म्हणून.