कापून टाकलेला रंग

कोपरखैरण्याच्या मार्केटमध्ये पहिल्या मजल्यावर, झेरॉक्सवाला आणि फॉल-पिको करणाऱ्या बाई यांच्या मधल्या गाळ्यात भाविकाबेनचं लोकरीचं दुकान आहे. दुकान एवढंसं, पण रुतिका एकदा आत शिरली की तिला बाहेर काढायला क्रेन बोलवावी लागते, असं तिची आई म्हणायची.

त्या दिवशी तर नवा माल आला होता. रबरी मुठीच्या क्रोशाच्या सुया, टोकाला दिवा लागणारी सुई, ओळी मोजायला बोटात घालायची अंगठी, टाक्याला खूण म्हणून अडकवायच्या चिमुकल्या प्लास्टिकच्या कैऱ्या. रुतिकाने प्रत्येक वस्तू हातात घेतली, चालवून बघितली आणि दुकानात आलेल्या दोन अनोळखी काकूंना, त्यांनी विचारलं नसतानाही, समजावून सांगितली. मागच्या वर्षापर्यंत हीच मुलगी शेवटच्या बाकावर मूग गिळून बसायची. मग शाळेच्या प्रदर्शनात तिच्या सूर्यफुलाच्या पिशवीला पहिलं बक्षीस मिळालं, आणि नववीच्या वर्गात तिचा आवाज असा काही फुटला की बाई म्हणाल्या, "आता हिचं बटण कुठाय ते शोधा."

"भाविकाबेन, ही दिव्याची सुई लाइट गेल्यावर विणायला का?"

"काळी लोकर विणायला गं. काळ्यात टाका कुठे दिसतो?" भाविकाबेनने खालच्या कप्प्यातून काहीतरी काढलं. "ते सोड, हे बघ. मी मागवला नव्हता हां, पार्सलमध्ये आपोआप आला. नवरात्रीचा केक."

केक म्हणजे लोकरीचा चपटा, गोल गुंडा. वरून बघितलं की रंगांची वर्तुळं दिसतात, बाहेरून आत. याच्यात सगळ्यात बाहेर पिवळा होता, मग हिरवा, मग निळा. आतले नीट कळत नव्हते. लेबल नव्हतं. हाताला एसीत ठेवल्यासारखा गार लागत होता. दुकानात एसी नव्हता.

"आणि एक पण गाठ नाय," भाविकाबेन म्हणाली. "कंपनीवाले रंग बदलताना गाठ मारतात, आणि ती बरोबर समोर येते. यात शोधून दाखव."

रुतिकाने बराच धागा ओढून बघितला. गाठ खरंच नव्हती. पिवळा कुठे संपला आणि हिरवा कुठे सुरू झाला, ते बोट ठेवून सांगता येत नव्हतं.

तिने तिथेच ठरवलं. आईसाठी शाल. तिची आई, सुनयना, महाप्याला औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होती. नवरात्रात तिथल्या सगळ्या बायका रोजच्या रोज ठरलेल्या रंगाचं घालून जायच्या आणि गेटसमोर फोटो काढायच्या. आईकडे नऊ रंग कुठले? ती शेजारून ड्रेस मागून आणायची आणि दुसऱ्याच्या कपड्यात फोटोच्या कडेला, अर्धी चौकटीबाहेर उभी राहायची. या दसऱ्याला स्वतःची शाल पांघरून मधोमध उभं राहायचं, असं रुतिकाने तिला बजावलं.

"बरं बाई," आई म्हणाली. "आधी माझी ओढणी इस्त्री कर. उद्या पांढरा आहे."

रुतिकाने ओढणीला इस्त्री केली, एका हाताने मैत्रिणीला मेसेज करत, म्हणून कोपऱ्यात तपकिरी डाग पडला. घडी घालून तिने तो लपवला. मग शालीची साखळी घातली आणि पिवळ्या रंगाच्या दोन ओळी विणल्या.

सकाळी आई पिवळ्या ड्रेसमध्ये बाहेर आली.

"आज पांढरा ना?"

"पांढरा कुठला? पहिला पिवळाच की."

खाली दुर्गामावशी हाक मारत होत्या. दुर्गाबाई इथल्याच, जुन्या गावठाणातल्या. त्याच कंपनीत, त्याच बसने जायच्या. "सुनयना, चल गं, बस आयली!" त्याही पिवळ्या. स्टॉपवरच्या सगळ्या पिवळ्या. रुतिका मनात म्हणाली, मीच चुकले असेन. पण आई वळली तेव्हा ओढणीचा कोपरा दिसला. पिवळ्या कापडावर इस्त्रीचा तपकिरी डाग होता. जिथे तिने पाडला होता, तिथेच.

दुसऱ्या दिवशी ती केसांना लाल रिबन बांधून शाळेत गेली, कारण यादीत त्या दिवशी लाल होता. आदल्या संध्याकाळी विणला होता हिरवा. शाळेत बाई हिरव्या, ऑफिसातल्या मॅडम हिरव्या, पाणी भरणाऱ्या मावशीही हिरव्या.

"क्षिप्रा, आज लाल होता ना?" तिने मैत्रिणीला विचारलं.

"येडी आहेस का? स्वतः हिरवी रिबन लावून आलीयेस आणि विचारतेस काय."

रुतिकाने वेणी पुढे घेतली. रिबन हिरवी होती.

आता दुसरं कोणी असतं तर घाबरलं असतं. रुतिका आनंदाने टुणकन उडाली! अख्खं कोपरखैरणे माझ्या सुईवर नाचतंय म्हणजे काय! तिने पडताळून बघितलं. निळा विणला, दुसऱ्या दिवशी निळा. मग एक संध्याकाळ सुईला हातच लावला नाही, तर पुन्हा निळाच, आणि कोणाला काही वावगं वाटलं नाही. एकच पंचाईत होती, मिरवायचं कुणापुढे?

"उद्या काय रंग असेल ते मी आत्ता सांगते. लाव वडापावची पैज," ती क्षिप्राला म्हणाली.

"जो आहे तोच असेल ना," क्षिप्रा म्हणाली. "यात पैज कसली?"

त्या संध्याकाळी निळा संपला. त्याच्या पोटातून जो रंग निघाला तो नऊत बसणारा नव्हता. राखाडी म्हणावा तर तसा नाही, खाकी म्हणावा तर तसाही नाही. ओहोटीला खाडीचा तळ उघडा पडतो ना, तसा. त्याचा एक टाका तिने घातला आणि सुई थांबली. हातातल्या त्या टाक्याकडे बघितलं तर नजर त्याच्यावर ठरेना, मागची भिंतच दिसत होती.

"शी!" ती म्हणाली. "आईच्या शालीत हा?"

आणि उद्याच कंपनीत सगळ्या बायकांचा मोठा फोटो निघणार होता, नोटीस बोर्डावर लावायला. आईने दुर्गामावशींकडून गुलाबी ड्रेस मागूनही आणला होता. उद्या सगळं गाव या चिखलात? छे. विणणाऱ्या बायका नावडता रंग आला की जे करतात तेच रुतिकाने केलं. टाका उसवला, कात्री घेतली, गुलाबी लागेपर्यंतचा तेवढा तुकडा कापून काढला. मग दोन टोकं एकमेकांवर घेऊन व्हिडिओत शिकलेली दुहेरी गाठ मारली, ओढून पक्की केली आणि झरझर गुलाबीची ओळ विणली. कापलेला मूठभर धागा भाजीच्या देठांबरोबर कचऱ्यात गेला.

सकाळी दुर्गामावशींची हाक आली नाही.

आई आतल्या खोलीतून बाहेर आली. तिच्या अंगात तो रंग होता. ड्रेस, सलवार, ओढणी, सगळं खाडीच्या तळाचं.

"आई, हे काय घातलंस?"

"काय म्हणजे? गुलाबी. कालच आणला ना मावशीकडून." तिने ओढणी सारखी केली. "बरा दिसतो ना?"

पप्पा, म्हणजे कृष्णात, वाशीच्या मार्केटात माथाडी. ते चहा पीत बसले होते. "पप्पा, बघा ना आईकडं!" रुतिका म्हणाली. त्यांनी मान वर केली, दारापर्यंत नजर नेली आणि परत कपात घातली. "व्हय, येळ झालाय," ते कुणालाच म्हणाले नाहीत, नुसते म्हणाले.

रुतिका गॅलरीत धावली. खाली स्टॉपवर गुलाबी गर्दी. बस आली, गर्दी चढली. आई रस्ता ओलांडत हात वर करून पळत होती. बस तिच्या अगदी जवळून गेली.

"ड्रायव्हरने बघितलंच नाही गं," आई खालूनच ओरडली आणि हसली. "जाते रिक्षाने!"

संध्याकाळी रुतिकाने आईच्या मोबाइलवर तो फोटो मोठा करून बघितला. गेट, वर झेंडूचं तोरण, दोन रांगांत गुलाबी बायका. आई नव्हती.

"मी होते की. आमच्या पॅकिंगमधल्या शुभदाच्या बाजूला, मधोमध. तू म्हणालीस तशी."

शुभदा पुढच्या रांगेत हसत उभी होती. तिच्या बाजूला एका माणसाएवढी जागा मोकळी होती. शुभदाचा हात त्या जागेवर, हवेत, कोणाच्या तरी खांद्यावर ठेवल्यासारखा होता.

रुतिका कचऱ्याच्या डब्याकडे धावली. डबा धुऊन पालथा घातला होता. घंटागाडी सकाळीच येऊन गेली होती.

मग तिने शाल घेतली. गुलाबी ओळ उसवत गाठीपर्यंत जायचं, गाठ सोडायची. पुढचं पुढे. तिने ओढलं. क्रोशाचं काम एका टाक्यावर उभं असतं; तो सुटला की सरसर सुटतं. गुलाबी सुटत गेला आणि निळा झाला.

गाठ आली नाही.

तिने धागा बोटांतून पुन्हा सरकवला. मग डोळे मिटून, ओठांमधून सरकवला. निळा उसवला. हिरवा उसवला. पिवळा, अगदी पहिल्या साखळीपर्यंत. सगळा धागा मांडीवर गार पडला होता. सलग. कुठेही कात्री लागलेली नव्हती.

ती भाविकाबेनकडे गेली. "तसाच एक केक द्या. ज्याच्यात निळ्यानंतर मातकट रंग आहे."

"तसला एकच होता, बेटा. आणि मातकट कुठला? नऊच रंग होते. मी मोजले होते."

दुसऱ्या दिवशी बायका लाल घालून गेल्या. मग पांढरा. रुतिकाने जांभळा विणून बघितला, काही झालं नाही. सुई आता नुसती सुई होती. आई रोज ड्रेस बदलायची आणि रोज त्याच रंगात बाहेर यायची.

"दुर्गामावशी, तुम्ही आईला हाक का नाही मारत?"

"कोनाचे आईला गं?"

"माझ्या! सुनयनाला!"

दुर्गामावशी हसल्या, तिच्या गालाला हात लावला. "गंमत करतं पोर," त्या बाजूच्या बाईला म्हणाल्या.

रुतिका आईचा हात धरून सोसायटीच्या गरब्यात गेली. गोलाच्या मधोमध उभी राहिली आणि वर्ग गोळा करायच्या आवाजात ओरडली, "ही माझी आई!" लोक वळले. रुतिकाकडे बघून कौतुकाने हसले. एका काकूंनी आईच्या अंगावरून हात नेऊन रुतिकाच्या हातात प्रसादाचा पेढा ठेवला. एकच.

"आई, तुला भीती नाही वाटत?"

"कसली?" आई म्हणाली. तिने पेढ्याचा अर्धा तुकडा रुतिकाच्या तोंडात घातला. "सणाच्या घाईत कोण कोणाला बघतं?"

रुतिका मग तिला नजरेआड होऊ देईना. अभ्यास ओट्यापाशी. झोप तिच्या ओढणीला धरून. तिचा चेहरा ती मनात पुन्हा पुन्हा काढून बघायची. हनुवटीवरचा तीळ. पुढचा किंचित तुटलेला दात. तीळ हनुवटीच्या कुठल्या बाजूला, ते एकदा बघून खात्री करावी लागली. मग दिवसातून बऱ्याचदा करावी लागली.

दसऱ्याला दुपारी घराघरांतून सोनं वाटून ती दमून आली. खूप मजा आली होती. पप्पांना सुट्टी होती. दोघं समोरासमोर जेवायला बसले. श्रीखंड, बटाट्याची भाजी, गरम पुऱ्या. क्षिप्राच्या भावाने आपट्याच्या पानांऐवजी कढीपत्ता कसा वाटला ते रुतिका सांगत होती, आणि पप्पांना हसून ठसका लागला. ताटात एक पुरी पडली. तिने ती मोडली, खाल्ली. दुसरी पडली. टम्म फुगलेली, तुपकट, वाफ निघणारी.

"लय भारी झाल्यात पुऱ्या," पप्पा म्हणाले.

"हो ना," रुतिका म्हणाली. तोंडात घास होता. "पप्पा, आज स्वयंपाक कोणी केलाय?"

आत, ओट्यावर, लाटणं थांबलं.