हौदातला पाचवा पाय

हे वाचून कोणी हसलं तरी चालेल. आमच्या आजोबांनी हे सांगताना एकदाही आवाज चढवला नव्हता, आणि खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

साल १९४२. चैत्र महिना. वसमत तालुक्यातलं हट्टा गाव, जत्रेतला कुस्तीचा फड.

रात्र नव्हती. भर दुपार होती.

आजोबांचं नाव तातेराव. तेव्हा ते पंचविशीतले पैलवान.

त्या दिवशीचा फड उत्तमसिंगांच्या आठवणीत भरवला होता. उत्तमसिंग पहिल्या महायुद्धात इराकात बसऱ्याला लढून आलेले. नंतर हिंगोलीच्या एका सहकारी बँकेत मॅनेजर. पण जीव सगळा कुस्तीत. सुट्टी मिळाली की टांगा करून कुठल्याही गावचा फड गाठायचे. मातीच्या हौदाला अगदी चिकटून बसायचे आणि ओरडून डाव सांगायचे. आजोबांवर त्यांची भारी माया. "ताते, पट काढ!" ही पायाला हात घालून पाडायच्या डावाची आरोळी गर्दीतूनही ओळखू यायची.

पण त्यांच्या पोटरीत लढाईतली जखम होती. वीस वर्षांनी ती पुन्हा फुटली. वर चिंधी गुंडाळलेली असायची... पिवळी, ओली. तिच्यावर माश्या.

मागच्या वर्षी याच फडात लोक नाक दाबून उठायला लागले. पंचांना तसं सांगवेना. शेवटी आजोबाच म्हणाले, "सायब, तुमी मागं बसा. लई वास येऊन राहिला. मला वकारी येती."

उत्तमसिंग उठले. काठी टेकत मागं गेले.

महिन्याभरात वारले. आजोबा मौतीलाही गेले नाहीत.

आता त्यांच्याच नावाची कुस्ती. समोर कळमनुरीचा लखमा.

हलगी कडाडली. हाताला हात लागले.

पहिल्याच झटापटीत आजोबा खाली आले. लखमा त्यांच्या पाठीवर. तोंड मातीत.

आणि तो वास आला...

कुजलेल्या मांसाचा. गोडसर. घशात चिकटणारा.

लखमाच्या घामाचा असेल, असं त्यांना वाटलं. मग गालाखालची माती ओली लागली. कोमट. बुळबुळीत.

हलगी ऐकू येईना. माणसांचा गलकाही थांबला. फक्त माश्यांची भणभण... अगदी कानात.

आजोबांनी काखेखालून मागं पाहिलं. स्वतःचे दोन पाय. लखमाचे दोन.

आणि मध्ये... अजून एक.

चिंधी गुंडाळलेला. चिंधीखाली काहीतरी वळवळत होतं.

मानेवर गरम श्वास आला.

"ताते... पट काढ."

आजोबांनी काढला. किळसेनं, डोळे मिटून, जसा जमला तसा.

लखमा चीत!

लोकांनी फेटे उडवले. आजोबा हौदातच गुडघ्यांवर बसून भडाभडा ओकत होते.

"काय झालं रे तुला?" लखमानं विचारलं.

"तुला वास आला न्हाई?"

"कशाचा?"

आजोबांनी आपल्या हातांकडे पाहिलं. नखांत माती होती. मातीत पांढरी अळी.

जिवंत.

लखमाचे हात कोरडे होते.

दुसऱ्या दिवशी आजोबा हिंगोलीला गेले. उत्तमसिंगांच्या बायकोचे, रूपाबाईंचे, पाय धरले. "माय, चुकलो मी. मी सायबांला मागं बसा म्हनलो."

"पाय काहून धरतो, लेकरा?" त्या म्हणाल्या. "त्यांला राग नव्हता. पोरगं बराबर बोललं म्हनायचे. मरायच्या दिवशी बी तुझंच नाव घेतलं."

"काय म्हनले?"

"म्हनले, मागून कायबी दिसलं न्हाई. आता पुढची कुस्ती पार जवळून बघतो."

आजोबांनी पुन्हा लंगोट बांधला नाही.

मी एकदा विचारलं होतं, "भीतीनं सोडली का कुस्ती?"

त्यांनी आपले तळहात धोतराला पुसले.

"भेव न्हाई वाटलं रे. त्यांनी मला जिंकवलं, आन् मी त्यांच्या अंगावर ओकलो. त्या वासाची किळस कवाच गेली... सवताची येती ती जात न्हाई."