डाव्या अंगाचा टॉवेल

"साहेब, परवा माझ्या पोराला यष्टीच्या डेपोत नोकरीवर हजर व्हायचंय. आन् उद्या त्याच्यावर पोलीस केस हुतीया!" ठमाबाईंनी पदर तोंडाला लावला.

बारामतीचे खाजगी गुप्तहेर इंद्रजित वाघमोडे यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. शेजारी त्यांचे मित्र जोतीराम गुरुजी तंबाखू मळत होते. तंबाखू मळताना आपला मेंदू चालतो, असा गुरुजींचा समज होता. तसा पुरावा अजून कुणाला मिळालेला नव्हता.

पळसदेवला उजनीच्या पाण्यापर्यंत वीज पोचत नव्हती. म्हणून भावकीने अँबॅसिडर गाडीचं जुनं पेट्रोल इंजिन काठावरच्या पंपाला जोडलं होतं. पाणी पाळीने मिळे. दुसऱ्याच्या पाळीला इंजिनाला हात लावणाऱ्याच्या पुढच्या तीन पाळ्या बंद होत. सोमवारी ठमाबाईंची पाळी होती आणि त्याच दिवशी त्यांचे दीर झुंबर यांचा हात मोडला. ठमाबाईंचा मुलगा सोपान याने मुद्दाम इंजिन चालू केलं आणि टॉवेलासकट आपला हात पुलीत ओढला गेला, असं झुंबर सांगत होते.

दुपारी सगळे काठावर पोचले. भावकीतले वडीलधारे आबाजी इंजिनाशेजारीच बसले होते.

"सोमवारपासनं कुणाला हात लावू दिला न्हाय," ते म्हणाले.

इंद्रजित इंजिनाच्या पुढच्या पंख्यासमोर उकिडवे बसले. खालच्या पुलीच्या डाव्या अंगाला, पंख्याच्या पट्ट्याखाली झुंबर यांच्या टॉवेलचं टोक अडकलं होतं. फक्त दोन बोटं रुंद. ते फाटलं नव्हतं, काळंही झालं नव्हतं. सर्वांदेखत त्यांनी टॉवेल काढला आणि पुलीच्या वरच्या कडेला गुरुजींच्या डबीतल्या चुन्याचा ठिपका दिला.

"गुरुजी, हँडल मारा."

गुरुजींनी जोर लावून डावीकडे फिरवलं. हँडल नुसतंच सुटलं, पुली हलली नाही.

"अवो गुरुजी, उजवीकडं!" सोपान म्हणाला.

उजवीकडे फिरवताच ठिपका उजव्या अंगाने खाली आला आणि डाव्या अंगाने वर गेला.

"सोमवारी तू कुठं होतास?" इंद्रजितांनी सोपानला विचारलं.

"शेळगावला मामाकडं. पर मामाची साक्ष कोन मानतंय?"

मग झुंबर आले. उजव्या मनगटाला कामट्या बांधलेल्या. अंगठ्याचं बूड टम्म सुजलेलं, पण कातडीवर साधा ओरखडा नव्हता.

"पुलीत गवत अडकलंय म्हनून ह्यानंच बोलावलं. मी म्होरं बसून हात घातला आन् ह्यानं चालू केलं. टॉवेल वढला, त्याच्यासंगं हात बी."

"टॉवेल डावीकडून ओढला?"

"व्हय."

"पण पट्टा तर उजवीकडून आत जातो."

झुंबर यांनी इंजिनाकडे बोट दाखवलं. "त्या दिशी उलटं फिरत हुतं. ह्यानं वायरी बदलल्या असत्याल. माज्या हिरीवरची मोटार दोन वायरी बदलल्या की उलटी फिरती न्हव?"

गुरुजींना हे लगेच पटलं. सोपान काही बोलणार, तोच इंद्रजितांनी त्याला खुणेने थांबवलं.

"झुंबरराव, इथंच फसलात. विजेच्या मोटारीचं तुम्ही म्हणता ते खरं. पण हे पेट्रोल इंजिन. वायरी बदलल्या तर बंद पडेल, उलटं चालणार नाही. आत्ता गुरुजींनी दाखवलं, हँडलसुद्धा डावीकडे पकड घेत नाही. पट्टा उजवीकडून आत जातो, डावीकडून बाहेर पडतो. डावीकडचा टॉवेल तो बाहेर फेकेल. म्हणजे टोक नंतर, इंजिन बंद असताना खोचलं."

"मग हात?" आबाजींनी विचारलं.

"पट्ट्याने कातडी सोलली असती. इथं फक्त मनगट आणि अंगठा गेलाय. अंगठ्याचा विळखा घालून हँडल मारलं आणि चालू होता होता इंजिनाने क्षणभर उलटा झटका दिला की असंच होतं. दुसऱ्याच्या पाळीला हँडल कोण मारत होतं, आबाजी, ते आता तुम्हीच विचारा."

विचारावं लागलं नाही. झुंबर आबाजींकडे वळले. "ऊस वाळत हुता, आबा. पाळ्या जात्याल म्हनून पोराचं नाव घेतलं."

ठमाबाईंनी पदर कमरेला खोचला. सोपान मात्र चुलत्याच्या हाताकडे बघत राहिला.

"तात्या, उद्या जायच्या आदी तुमच्या उसाला पानी सोडतो."

"न्हाय!" ठमाबाई कडाडल्या. "तीन पाळ्या बंद मंजी बंद. तू कापडं भर."