आधी आभार, मग खेद

दार उघडलं तेव्हा ती एका रिकाम्या खुर्चीला नकार देत होती.

“आय ॲम अफ्रेड… दॅट इज नॉट पॉसिबल,” ती म्हणाली, आणि मागे कडी वाजली.

वळून पाहते तर दारात दुभाषी. बगलेत लॅपटॉप, खांद्यावर पावसाचे थेंब. परदेशी ग्राहकांशी कारखान्याच्या वतीने इंग्रजीत बोलणं हे त्याचं काम, आणि तेच त्याचं नावही होऊन बसलं होतं.

“खोली मी घेतली होती,” तो म्हणाला. “पण तुमची मीटिंग चालू असेल तर…”

“संपत आलीये.”

“काय म्हणतेय खुर्ची?”

“बसा म्हणतेय.”

तो खरंच बसला. तिला हसू आलं, आणि ते लपवायला ती खिडकीकडे वळली. बाहेर पावसाने अंगण पार राखाडी करून टाकलं होतं.

कारखाना लाकडी खेळण्यांचा. बदकं, आगगाड्या, रंगीत ठोकळे. ती रंगखात्याची प्रमुख. फाटकावरच्या पांढऱ्या मिशांच्या रखवालदारापासून खुद्द मालकांपर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. रंगातलं तिला कोणी शिकवायची गरज नव्हती, त्याची पदविकाच होती तिच्याकडे. अडत होतं ते वरच्या मजल्यावर, जिथे ग्राहकांशी सगळं बोलणं इंग्रजीत चाले.

“एवढा कडक नकार कुणासाठी?” त्याने विचारलं.

“वेळ आली तर कुणालाही.” ती समोर बसली. “मागच्या हंगामातला परत आलेला माल आठवतो ना?”

त्याने लॅपटॉप उघडला. मग पुन्हा मिटला. “आठवतो.”

“ओला रंग, कागदाला चिकटलेली बदकं. मालकांच्या केबिनमध्ये सगळे माझ्याकडे बघत होते. तारीख म्हणे रंगखात्यानेच कबूल केली होती. मी कधी कबूल केली, हो? मी तर नाही म्हटलं होतं. पण ग्राहकांशी सगळं बोलणं इंग्रजीत, भरभर… मी नुसती बसून राहिले ठोंब्यासारखी.” तिने खुर्चीचा हात घट्ट धरला. “मालकांनी सरळ सांगितलंय. पुन्हा असं झालं तर रंगकाम बाहेर देणार. म्हणजे माझं खातं बंद. जुन्या मावशींपासून सगळ्या बायका घरी. आता त्या बैठकीतला शब्द न् शब्द मला कळला पाहिजे.”

तो टेबलाच्या कडेकडे बघत राहिला.

“मी शिकवू?” तो शेवटी म्हणाला. “दुपारच्या सुट्टीत.”

“फी काय घ्याल?”

“खुर्चीने बसा म्हटलंय, तेवढं पुरे.”

अशी सुरुवात झाली. रोज दुपारी, डबे उघडून, त्या छोट्या खोलीत. डेडलाइन, डिस्पॅच, फॉलोअप हे शब्द तिला ओळखीचे होते. पण ते कधी, कोणत्या सुरात टाकायचे हे त्याने शिकवलं. बोलणं मध्येच कसं थांबवायचं, न कळलेलं न लाजता पुन्हा कसं विचारायचं, आणि सगळ्यात अवघड म्हणजे – नाही कसं म्हणायचं.

“एकदम नाही म्हणायचं नाही,” तो सांगे. “आधी आभार, मग खेद, मग नकार.”

“एवढं होईपर्यंत समोरचा झोपेल की!”

“झोपला तर उत्तम. भांडत नाही.”

“आमच्या खात्यात असं नसतं. अंगठा दाबायचा. ठसा उमटला तर रंग ओला. संपलं.”

“माणसांना अंगठा दाबून बघता येत नाही ना, मॅडम.”

मॅडम! अख्ख्या कारखान्यात तोच एकटा तसं म्हणे. रंगखात्यातल्या सगळ्यात जुन्या मावशींनी हे कधीच हेरलं होतं.

“आम्ही सगळे ताई म्हणतो,” बदकाला डोळा काढता काढता त्या म्हणाल्या. “त्या एकट्याच्या तोंडून ताई का निघत नाही गं?”

“मोठा साहेब आहे तो, मावशी.”

“हो का? मग तुझे कान का लाल झाले? का तोही रंगच म्हणायचा?”

कानाला खरोखर रंग होता – पिवळा. दुपारी त्यानेच तो दाखवला. ती पुसायला गेली तर म्हणाला, “राहू द्या. ओला आहे, पसरेल…” आणि मग दोघंही उगाचच समोरच्या पुस्तकात बघत बसली. पुस्तक उलटं होतं.

मात्र एक गोष्ट तिला खटके. मागच्या हंगामाचा विषय निघाला, की तो घड्याळ बघे.

पाऊस हटेना. हवा अशी दमट, की रंगाचा पहिला हात वाळायलाच नेहमीच्या दुप्पट वेळ लागत होता. वाळवणखोलीत बदकांच्या रांगा मंद चमकत उभ्या होत्या. ती रोज सकाळी अंगठा दाबे आणि रोज ठसा उमटे. नेमकं त्याच आठवड्यात परदेशातल्या ग्राहक बाईंचं बोलावणं आलं: माल लवकर हवाय, स्क्रीनवर बसून बोलू.

बैठकीच्या लांब टेबलाशी मालक मधोमध बसले. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला दुभाषी, माइक त्याच्यासमोर. मालकांचं इंग्रजी जेमतेम; ते सगळं दुभाष्यावर सोपवत. स्क्रीनवर चष्मा लावलेल्या, नीटस केसांच्या बाई. बाईंनी विचारलं, पूर्ण माल या शुक्रवारी निघेल का? दुभाष्याने ते मराठीत सांगायच्या आधीच तिला कळलं होतं. आतून एकदम बळ आल्यासारखं झालं.

मालकांनी तिच्याकडे पाहिलं. “ताई, बोला.”

“नाही होणार,” ती म्हणाली. “रंग ओला आहे. पुढच्या शुक्रवारच्या आत एकही बदक पेटीत जाणार नाही.”

दुभाष्याने मान हलवली, माइककडे वाकला आणि मऊ, घोटलेल्या आवाजात म्हणाला, “थँक यू फॉर युअर पेशन्स. इट विल बी टाइट, बट वी विल डू अवर बेस्ट.”

आभार झाले. खेद नाही. नकार तर नाहीच. थोडी ओढाताण होईल, पण जमवतो – असं म्हणाला होता तो.

“वंडरफुल,” बाई म्हणाल्या. “फ्रायडे, देन.”

तो सूर तिच्या ओळखीचा होता. मागच्या हंगामात हाच आवाज, हीच मऊ लय… तेव्हा वाक्य कळलं नव्हतं, एवढंच. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो टेबलाच्या कडेकडे बघत होता, पहिल्या दिवशी बघत होता तसाच.

बाईंनी समोरचे कागद आवरायला घेतले. आता स्क्रीन काळी होणार. आणि शुक्रवारी ओली बदकं पेट्यांत जाणार.

तिने हात लांबवला आणि माइक स्वतःकडे ओढला. तो टेबलावर कर्रकन घासला. मालक दचकले.

“सॉरी,” ती म्हणाली. “दॅट इज नॉट व्हॉट आय सेड. पेंट इज वेट. फ्रायडे इज नॉट पॉसिबल. अ चाइल्ड विल पुट इट इन द माउथ.”

मालकांची मान सावकाश दुभाष्याकडे वळली.

बाईंनी चष्मा काढला. “सो, व्हेन?”

“नेक्स्ट फ्रायडे. नॉट बिफोर.”

बाईंनी बाजूला कुणाशी तरी कुजबुज केली. ती कुजबुज संपता संपेना. मग त्या परत आल्या. आगगाड्यांची मागणी त्या रद्द करत होत्या. तेवढं थांबणं त्यांना शक्य नव्हतं. बदकं आणि ठोकळे पुढच्या शुक्रवारी चालतील. “आणि यापुढे,” त्या इंग्रजीत म्हणाल्या, “मी या बाईंशीच बोलेन.”

स्क्रीन काळी झाली. मालक उठून गेले.

ती तडक वाळवणखोलीत आली. पाठोपाठ पावलं आली.

“मागच्या वेळीही तुम्हीच,” ती न वळता म्हणाली.

“हो.”

“आणि बोलणी मी खाल्ली.”

“हो.” तो दारातच थांबला होता. “मालकांना ‘नाही’ हा शब्द ऐकवत नाही. ग्राहकांनाही ऐकवत नाही. मी दोघांच्या मध्ये. कुणी रागावू नये म्हणून मी गोड करत गेलो… सवयच लागली. वाटायचं, ऐन वेळी तुम्ही कसंतरी जमवाल.”

“मला शिकवलंत तर हे उघडं पडणार, एवढं कळत नव्हतं?”

“पहिल्याच दुपारी कळलं होतं.”

“तरी शिकवलंत?”

“तोंडाने सांगायची हिंमत होत नव्हती. म्हटलं, तुम्हालाच एक दिवस ऐकू येईल. मला खरंच फार वाईट वाटतं, परिस्थितीच अशी –”

“आता खेद सुरू झाला,” ती म्हणाली. “मला नको तो. जिथे माझं नाव घेतलंत, तिथे जाऊन स्वतःचं घ्या. मग बोलू. किंवा नाही बोलणार.”

तो गेला. तिने एका बदकाच्या पाठीवर अंगठा टेकवला. ठसा उमटला. डोळ्यांतलं पाणी तिने मनगटाने पुसलं; अंगठ्याला रंग होता ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी धावतच आल्या. “अगं, वर काय झालं ऐकलंस? सगळ्यांसमोर उभा राहिला तो! म्हणाला, मागच्या वेळी तारीख मीच कबूल केली, रंगखात्याने नाही म्हटलं होतं. ना आभार, ना प्रस्तावना! मालकांचा चेहरा बघायला हवा होतास. त्याला पॅकिंगला धाडलंय. तिथे बोलायचं कामच नाही.”

“आणि आपलं खातं?”

“आहे तिथेच आहे. मालक म्हणाले, ताईंना सांगा, पुढची बैठक त्यांची.”

बदकं वेळेवर गेली. एकही परत आलं नाही. ती मात्र दुपारी त्या छोट्या खोलीत एकटीच डबा खाई आणि समोरच्या खुर्चीकडे बघायचं टाळे. तिकडून तो आला नाही, इकडून हिने बोलावलं नाही.

एका दुपारी दारावर टकटक झाली. तो. बोटांना चिकटपट्टीचा गोंद, हातात लॅपटॉप नाही.

“खोली तुम्ही घेतलीये?” त्याने विचारलं.

“हो.”

“एकच वाक्य आहे. उभ्यानेच सांगतो.” त्याने श्वास घेतला. मागे पुढे काही न जोडता म्हणाला, “मला तुम्ही आवडता.”

बाहेर उघडीप होती. खिडकीतून आलेलं ऊन टेबलावर पडलं होतं.

“नाही असेल तर नाही म्हणा,” तो म्हणाला. “मला चालेल… नाही, चालणार नाही. पण मी ऐकून घेईन.”

“माझा राग गेलेला नाही,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

“लवकर जाणारही नाही.”

“बरं.” तो वळला. कडीवर हात गेला.

“अहो,” ती म्हणाली. डब्याचं झाकण तिने उगाच फिरवलं, पुन्हा फिरवलं. “नाही म्हणायचं असतं… तर इंग्रजीत म्हटलं असतं. आधी आभार, मग खेद. तुम्हीच शिकवलंय.”

कडीवरचा हात तसाच राहिला.

तिने पायाने समोरची खुर्ची थोडी बाहेर सरकवली.

“बसा.”