न आलेल्या माणसाचं भाडं

जहाजकंपनीच्या साहेबांनो, तुम्ही माणसं जोडीनंच मोजता, हा तुमचा गुन्हा. केबिन दोघांची, भाडं दोघांचं, उशा दोन. एकटा माणूस आला तर न आलेल्याचं भाडंही त्याच्याच खिशातून काढता. आणि ज्याचं माणूस कायमचं गेलंय, त्याच्याकडूनही! मेलेल्या माणसाचं भाडं वसूल करताना तुमचा हात जरासुद्धा थरथरत नाही?

हा प्रश्न ती रोज गिळून टाकायची. एजन्सीत ग्रुपचं बुकिंग तिच्याकडे होतं, म्हणून सगळे तिला केबिनबाई म्हणायचे. काम सांगायला सोपं. प्रवासाच्या कितीतरी आधी कंपनीकडून केबिन्सचा एक गठ्ठा बिननावाचाच धरून ठेवायचा, मग माणसं गोळा करायची आणि ठरल्या तारखेला नावं कळवायची. ज्या केबिनला नाव नाही ती कंपनी परत ओढून घेते. एकदा नावं गेली की बदल नाही, मग कुणी कितीही गयावया करो. ग्रुप भरला तर सोबत जाणाऱ्यासाठी एक पलंग फुकट मिळायचा. त्या पलंगावर दर वेळी मालकीणबाई जायच्या. केबिनबाईने जहाज पाहिलं होतं ते भिंतीवरच्या पोस्टरात.

एका दुपारी पावसाची अवेळी सर आली आणि तो दार ढकलून आत शिरला. हातात ओला खोका, केसांतून पाणी गळतंय.

"शेजारचं ऑफिस बंद आहे. त्यांचे चष्मे इथे ठेवू का?" तो बोलता बोलता थांबला. ती स्क्रीनला नाक लावून बसली होती. "तुमचा नंबर वाढलाय."

"आमचा नंबर बाहेर पाटीवर आहे."

"तो पण वाढलाय का?"

तिला हसायचं नव्हतं. हसू आलंच.

चष्मेवाला पोस्टरपाशी उभा राहिला. बराच वेळ. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "एकट्या माणसांना नेता का हो तुम्ही? आम्ही काही जण आहोत... इस्पितळाच्या बाकावर ओळख झालेली. आमची माणसं आत होती, माझी बायको पण. मग एकेक करून—" त्याने ओल्या केसांवरून हात फिरवला. "बाक सुटला. आम्ही नाही सुटलो."

तिने त्याच संध्याकाळी गठ्ठा धरला.

पुढे दर आठवड्याला तो एक नाव घेऊन यायचा. एकच. दोन एकट्या बायका एका केबिनमध्ये, दोन एकटे पुरुष दुसऱ्या केबिनमध्ये, असं ती जुळवत जायची. "याला दिवा लागतो, त्याला अंधार लागतो," तो सांगायचा. "मग यांचं लग्न मोडलं," ती म्हणायची. पुरुषांच्या जोड्या लागल्या आणि तो स्वतः उरला. त्याने मुकाट्याने दोघांचं भाडं भरलं. पावती घेताना दोन पलंगांच्या त्या आकड्यावर त्याची नजर जरा जास्तच रेंगाळली, आणि तिला कंपनीला लाखोली वाहावीशी वाटली.

एकदा त्याने तिच्यासाठी नवा चष्मा आणला. "हलू नका हं." कानामागे त्याची गार बोटं टेकली, काडी वाकवली, पुन्हा टेकली. "टोचतंय?"

"नाही..."

"मग डोळे का मिटलेत?"

त्या दिवशी तिने मालकीणबाईंना गाठलं. "या खेपेला मी जाते."

"तू? तुला बसमध्ये मळमळतं!"

"मळमळू दे."

मालकीणबाईंनी तिला चष्म्यापासून चपलेपर्यंत न्याहाळलं आणि कपाळाला हात लावला. "जा बाई."

त्याला हे नावं कळवायच्या शेवटच्या दिवशी सांगायचं, असं तिने मनाशी ठरवलं. त्याचा चेहरा तिला बघायचा होता.

शेवटच्या दिवशी तो आला, पण मावशींना घेऊन. ग्रुपमधल्या सगळ्यांत वयस्क मावशी रडून आल्या होत्या. रात्री श्वासासाठी त्यांना मशीन लागायचं आणि त्या आवाजात कुणी सोबत झोपायला तयार नव्हतं. एकटीने दोघांचं भाडं भरायची ऐपत नव्हती.

"मी मागे राहते गं पोरी. माझं कुठे अडलंय."

"माझं नाव काढा," तो म्हणाला. "माझी केबिन मावशींना द्या."

इतक्या सहज! जहाज नको, हरकत नाही. पण तिथे आणखी कोण असेल, हे एकदा तरी विचारायचं... तिचं डोकं तडकलं. तिने त्याचं नाव खोडलं, मावशींचं आणि शेजारी स्वतःचं घातलं आणि रागाच्या भरात सगळी नावं कंपनीला पाठवून टाकली. मग तिला उमगलं, आपण काय करून बसलो. गठ्ठ्यात एक केबिन अजून बिननावाची होती. फुकटच्या पलंगावर ती, शेजारी मावशी, दोघी त्यात मावल्या असत्या. मशीन वाजलं असतं, बिघडलं काय असतं? तो त्याच्या केबिनमध्ये राहिला असता. आता ती केबिन परत गेली होती.

"मी येणार होते," ती म्हणाली. "जहाजावर. मी."

त्याचा चेहरा बघायचा होता ना तिला? पाहिला. पांढराफटक पडला होता.

"आधी का नाही बोललात?"

"तुम्ही विचारलंत?"

"अगं, हा काय विचारणार!" मावशी फिसकन हसल्या, डोळे पुसत. "याच्याकडे सगळी नावं पहिल्याच दिवशी होती. एकेक आणून देत होता, हप्ते भरल्यासारखा. जहाजाचं तर त्याला सोयरसुतकही नाही." एवढं बोलून त्या बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

तिने टेबलावरच्या पावत्या उगाच सरळ केल्या.

"मावशींसोबत मी राहीन," ती म्हणाली. "तुम्ही न जाता भरलेलं भाडं मला आयुष्यभर टोचेल. पण जहाज परत येईल तेव्हा मला न्यायला माझ्या दादाला मी धक्क्यावर बोलवणार नाही. तुम्ही या."

तो खाली बघत होता. "मला वाट बघायला सांगू नका. ते सोडून काहीही सांगा. मागच्या वेळी वाट बघत बसलो होतो... दार उघडलं, डॉक्टर बाहेर आले. ती नाही आली."

ती उठली, टेबलाला वळसा घालून त्याच्या पुढ्यात आली.

"मी येईन असं वचन नाही देत. वचनाने कोण परत येतं? तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. भीती तुम्हाला वाटेलच. मलाही वाटतेय, आत्ता, इथे." तिने त्याची गार बोटं हातात घेतली. "पण मला उतरताना गर्दीत एक माणूस शोधायचा आहे. दुसरा कुणी चालणार नाही. दया म्हणून नको, उपकार म्हणून तर नकोच. माझ्यासाठी म्हणून वाट बघाल? खाली बघू नका. माझ्याकडे बघा आणि सांगा... हो की नाही?"